विरजण शेजाऱ्याकडून, मीठ पोत्यातून

गेल्या अंकात माझ्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो छापून आला आणि संपादकांनी पत्रांचं एक जाडजूड पाकीट हातात ठेवलं. म्हणाले, "काकू, आता तुम्हीच निस्तरा." मी मत्स्यशास्त्र शिकलेली नाही. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, बुरेट धुण्यात आणि मुलांच्या फुटलेल्या बीकरांचा हिशेब ठेवण्यात नोकरी संपली. माहेर मालवणचं. माझी पहिली टाकी बघायला आई आली तेव्हा मी बादलीत मीठ कालवत होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "दर्या सोडून हय इलंस आणि आता इकतचो दर्या करतंस?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. बाकीच्या प्रश्नांची देते.

माझ्याकडे दोन फुटी गोड्या पाण्याची टाकी आहे, गप्पी आणि मॉली छान वाढतात. सात वर्षांच्या मुलीला आता नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवा आहे. दुकानदार म्हणाला, याच टाकीत मीठ आणि बाटलीतले जिवाणू टाका, संध्याकाळी मासे सोडा. इतकं सोपं आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

संध्याकाळी सोडता येतील. चार दिवसांनी मुलीला काय सांगायचं तेवढं ठरवून ठेवा.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकतो. अमोनिया विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही वाईटच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सुसह्य. हे दोन्ही जिवाणू दगडांवर आणि वाळूवर आपापल्या वेगाने वस्ती करतात, साधारण चार ते सहा आठवड्यांत. या छंदातली माणसं याला 'टाकी सायकल होणं' म्हणतात. बाटलीतल्या जिवाणूंनी वेळ थोडा वाचतो, पण झाला की नाही हे दुकानदाराच्या चेहऱ्यावरून नाही, टेस्ट किटच्या रंगावरून कळतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय, मग पहिला मासा.

पण रिकाम्या टाकीत अमोनिया येणार कुठून? मी एक सोललेली कोळंबी टाकली होती. मालवणच्या बाईने कोळंबी कढईऐवजी काचेत सडवायची, आणि तो वास आठवडाभर दिवाणखान्यात! यजमानांनी तेव्हा गॅलरीत जेवण सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धुरळा बसेल. घाबरून सगळं धुवायला काढू नका, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ असतं, येतं आणि जातं.

आता टाकी. लहान टाकी सोपी, हा गोड्या पाण्यातून येणाऱ्या प्रत्येकाचा समज. खाऱ्या पाण्यात उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर भोवते. जागा असेल तर ३ फूट बाय दीड बाय दीड घ्या. काठोकाठ १९० लिटर बसतं. नुसतं पाणीच १९५ किलो, त्यात काच, दगड, वाळू आणि स्टँड धरलं तर २७५-३०० किलो सहज. खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत, शक्य तर तुळईच्या बाजूला ठेवा. दोन फुटी टाकी विकू नका, नवीन मासा आधी तिच्यात तीन-चार आठवडे वेगळा ठेवायला लागेल. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात. तेही तिच्यातच द्यायचं. मोठ्या टाकीत तांबं गेलं की कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ, सगळं संपलं.

नारंगी-पांढरा मासा, म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश, पैदास केलेलाच मागा. आपल्याकडे मंडपम आणि विळिंजम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास केली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही झाली आहे. टाकीत जन्मलेला मासा दाण्यावर वाढलेला असतो. समुद्रातून धरलेल्या माशाला दाणा म्हणजे खडा वाटतो. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात तर सायनाइडने गुंगी आणून मासे धरण्याचे प्रकार वर्षानुवर्षं झाले आहेत, तसा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी दहाव्या दिवशी जातो. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणायचं, "माझ्यासमोर खायला घाला." चिडला तर दुसरं दुकान.

तोवर मुलीने काय बघायचं? टाकी सायकल झाली की तुमच्याच मॉलींपैकी एक घ्या. भांड्यात ठेवून चार-सहा तास थेंबाथेंबाने खारं पाणी वाढवत न्या. मॉली खाऱ्या पाण्यालाही सरावते. शेवाळ खाते, स्वस्त असते. माझ्या टाकीतली पहिली रहिवासी काळी मॉलीच होती.

आमची उरणला पिढीजात मिठागरं होती. अजून घरात खडे मीठ पोत्याने येतं. हजारो रुपयांचं परदेशी मीठ घेण्यापेक्षा हे का चालू नये? शेवटी तेही समुद्राचंच ना?
— एक वाचक, उरण

दादा, या पाकिटातलं सर्वांत आवडलेलं पत्र तुमचं. उत्तर तुम्हालाच माहीत आहे, फक्त तुम्ही ते मिठाकडून बघितलंय, मी पाण्याकडून बघते.

मिठागरात भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घट्ट होत जातं. आधी तळाला बसतो चुना, मग जिप्सम. म्हणजे समुद्रातलं कॅल्शियम बरंचसं तिथेच राहिलं. मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. ते ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं ते तुमचे आजोबा सोडून देत असणार. बरोबर? तो कडवटपणा मॅग्नेशियमचा. मीठ चांगलं निघावं म्हणून मिठागरवाला जे जे काढून टाकतो, नेमकं तेच प्रवाळाला हवं असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. तुमच्या पोत्यात उरतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. आमटीला उत्तम.

टाकीसाठीच्या मिठात हे सगळं मोजून परत घातलेलं असतं. लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. आठवड्याला १५ लिटर पाणी बदललंत तर महिन्याला सव्वादोन ते अडीच किलो. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण वर्षाचं गणित मांडलंत तर मिठापेक्षा विजेचं बिल जास्त टोचेल.

आणि हो, थेट समुद्राचं पाणी आणू का, असं आणखी तिघांनी विचारलंय. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याचं नको. सांडपाणी आहे, बंदरातलं तेल आहे आणि पावसाळ्यात खारटपणा इतका उतरतो की जुलैचं पाणी आणि मार्चचं पाणी हे दोन वेगळे समुद्रच.

दिवाळीत तारकर्लीला जाणार आहोत. किनाऱ्यावर प्रवाळाचे पांढरे तुकडे पडलेले असतात, ते टाकीत सजावटीला आणले तर चालतील का? आणि पाण्याखालचा एखादा जिवंत खडक?
— एक वाचक, कोल्हापूर

नाही. दोन्ही नाही.

दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या लेखी त्या रांगेत वाघ बसतो. मेलेला तुकडाही त्यातच आला. समुद्री पंखे, अग्निप्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, सगळे संरक्षित. शिवाय मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तुम्हाला रागावत नाही. माझ्या माहेरच्या तुळशी वृंदावनात असे पाच-सहा तुकडे होते, लहानपणी आम्ही त्यांना 'दर्याचं हाड' म्हणायचो. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगच्या होड्या रोज जातात. प्रत्येक होडीतल्या प्रत्येकाने एक एक 'आठवण' उचलली तर काय होईल, तो हिशेब करायला रसायनशास्त्र लागत नाही.

टाकीला दगड हवा असतो तो जिवाणूंच्या वस्तीसाठी. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, ते घ्या. कोरडे असतात, निर्जीव असतात, म्हणून फक्त वेळ लागतो. आणि वेळ वाचवायचा तर विरजण लावायचं. एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला मुठीएवढा दगड किंवा वाटीभर वाळू ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि तुमच्या दगडांत ठेवायची. जिवाणू पसरतात, बारीक किडे आणि कोपेपॉड नावाचे टिंबाएवढे कवचधारी जीव येतात. दूध कितीही चांगलं असो, विरजण शेजारच्या घरातूनच आणावं लागतं, तसंच आहे हे. विरजणाबरोबर नको ते पाहुणेही येतात, एवढं लक्षात ठेवा. एप्टेशिया नावाचं बोटभर तपकिरी समुद्रफूल (सी ॲनिमोन) दिसलं तर कात्रीने कापू नका. जितके तुकडे कराल तितकी नवीन उगवतील.

काकू, मी आठवीत आहे. माझ्या मित्राकडे दोन क्लाउनफिश आहेत. नर कोण, मादी कोण ते कसं ओळखायचं? आणि मी काचेच्या गोल बाऊलमध्ये एक ठेवू शकतो का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

बाऊलमध्ये नको रे. त्यात पाणी दोन-तीन लिटर, दुपारी तापतं, उडून गेलं की खारट होतं. मासा बिचारा गोल गोल फिरत राहतो.

पहिल्या प्रश्नाला मात्र शंभरपैकी शंभर. क्लाउनफिश जन्मतात ते सगळे नर. एकत्र राहणाऱ्यांत जो सर्वांत मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. मादी मेली की तिचा जोडीदार नर पुढची मादी होतो आणि त्याच्या खालचा नर जोडीदार बनतो. त्यामुळे मित्राच्या टाकीत जो मोठा दिसतोय ती मादी. लहान मासा तिच्यासमोर अंग आडवं करून थरथरतो का ते बघ. म्हणजे तो सांगत असतो, "तूच मोठी, मला चावू नकोस." दोन पिल्लं विकत घेताना मुद्दाम एक मोठं, एक लहान घ्यायचं, म्हणजे भांडण लवकर मिटतं. आणि त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. माझी जोडी कितीतरी वर्षं एका मऊ प्रवाळात झोपते, त्याआधी मादी चक्क तापमापकाला बिलगून असायची.

टाकी आठ महिन्यांची. परवा सकाळी दोन्ही कोळंब्या मेलेल्या, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा बरोबर. काही बदललेलं नाही. फक्त डेंग्यूच्या साथीमुळे हॉलमध्ये डास पळवणारं मशीन लावायला लागलो आहोत.
— एक वाचक, पालघर

तुमच्या पत्राची शेवटची ओळ हेच उत्तर आहे. त्या मशीनमध्ये पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. माणसाला फारसं बाधत नाही, माशांना फार विषारी, आणि कोळंबी तर कीटकांचीच चुलत बहीण. तुमचा एअर पंप रात्रभर खोलीतली हवा पाण्यात कोंबत होता. टाकीच्या खोलीतलं मशीन आजच काढा, जाळी आणि मच्छरदाणी वापरा, निम्मं पाणी बदला आणि सक्रिय कोळसा नव्याने घाला. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा धूर फवारणी असेल त्या दिवशी एअर पंप बंद, खिडक्या बंद, टाकीवर ओला पंचा.

नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर जाते, वीजही जाते. इथे रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खारी टाकी, अशक्यच ना?
— एक वाचक, नागपूर

अशक्य नाही, खर्चिक आहे. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. नागपूरकराला कूलर शिकवायची गरज नाही. पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, आणि कोरड्या हवेत ते जास्त होतं. तुमच्याकडे एप्रिलमध्ये पंखा जे काम करेल ते माझ्याकडे ठाण्यात जुलैत अजिबात करत नाही. तरी मे महिन्याला पंखा पुरणार नाही, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागेल. ३०० वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ९० युनिट. आधी बिल बघा, मग टाकी.

पंखा लावलात की पाणी झपाट्याने उडतं. इथे मी घाण चूक केली होती. पहिल्या उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर पातळी उतरायची आणि मी इमानेइतबारे खारं पाणी भरत होते. तीन आठवडे! पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे मी मुलांना बाष्पीभवनाच्या ताटलीवर दरवर्षी दाखवत आले होते. घनता १.०२५ हवी, ती १.०३१ वर गेली, तेव्हा एक कोळंबी आणि दोन गोगलगायी गमावून डोकं ठिकाणावर आलं. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं आरओ पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं घेणार असाल तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावून बघा. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळणारी सोय असते, ती आपल्याला नको.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे पाणी घुसळणारा पंप ठेवा, चिलर नको. जीव जातो तो अंधाराने नव्हे, प्राणवायू संपल्याने, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी मावतो. इन्व्हर्टरही दमला तर तांब्या घ्या, पाणी भरा, उंचावरून ओता. थट्टा नाही. १८४६ मध्ये ॲना थाइन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळं लंडनला नेली आणि घरात जगवली. वीज नव्हतीच. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. श्रेय बाईंना मिळालं. माझ्या मते निम्मं त्या मोलकरणीचं.

मी पुण्यात राहतो. या छंदातल्या लोकांच्या एका भेटीला गेलो होतो. सगळे डीकेएच, पार, फ्रॅग असलंच बोलत होते. मी 'माझी टाकी दीड फुटी आहे' म्हटल्यावर एकाने हसून मान फिरवली. परत जावं का?
— एक वाचक, पुणे

जावं. पण त्या माणसाशेजारी बसू नये.

मीही पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी पंचविशी-तिशीतली मुलं होती. माझ्या हातातली पिशवी बघून एकाने विचारलं, "काकू, कोणाला न्यायला आलात?" मग कोणीतरी अल्कलिनिटीची चाचणी करत होता, थेंब मोजताना गडबडत होता. म्हटलं, बाळा, हे टायट्रेशन आहे, बाटली आडवी धरू नकोस, उभी धर, थेंब सारखे पडतील. त्या दिवसापासून माझी जागा पक्की झाली. तुमच्याकडेही असं काहीतरी असेलच. सुतारकाम येत असेल, वायरिंग येत असेल, नुसती गाडी असेल तरी चालेल. कोणीतरी १०० लिटरचा ड्रम हलवायला माणूस शोधतच असतो.

भाषेचं म्हणाल तर शब्द थोडेच आहेत. डीकेएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याचा क्षारीय साठा, आठ-नऊच्या आसपास बरा. पार म्हणजे प्रवाळाच्या उपयोगी पडणारा प्रकाश. फ्रॅग म्हणजे मोठ्या प्रवाळाची कापलेली फांदी, आपल्या गुलाबाच्या कलमासारखी. मश्रूम, झोअँथिड, लेदर ही मऊ प्रवाळं नवख्याच्या हातूनही जगतात, सुरुवात त्यांच्यापासून करा. दगडी प्रवाळ कोणी देऊ केलं तर कागदपत्रं विचारा, कायदा वर सांगितलाच आहे.

रीतभात थोडी सांगते. पहिल्याच भेटीत कोणाच्या टाकीचा खर्च विचारू नये. काचेवर बोट वाजवू नये. हात धुऊन जावं, पण साबण किंवा क्रीम लावलेला हात पाण्यात घालू नये. फ्रॅग फुकट मिळाला तर सहा महिन्यांनी त्याचाच वाढलेला तुकडा तिसऱ्याला फुकट द्यावा. माझ्या मूळ मश्रूमची पिल्लं आज कल्याण, वाशी आणि तुमच्याच कोथरूडमध्ये आहेत. माझी टाकी २०१९ मध्ये रोगाने अर्धी रिकामी झाली तेव्हा तेच मश्रूम वाशीहून माझ्याकडे परत आलं. आणि छंद सोडावासा वाटला तर मासे याच लोकांना द्या, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका.

एक धोका मात्र भेटीत कोणी मोकळेपणी सांगत नाही. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि प्रवाळ लागलेला दगड स्वच्छ करायला कधीही, अगदी कधीही उकळायचा नाही. त्या वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत.

ठाण्याकडे येणं झालं तर संपादकांना कळवा, रविवारी सकाळी मी पाणी बदलते तेव्हा या. विरजणाचा दगड देईन, दोन मश्रूमही देईन. येताना घट्ट झाकणाचा डबा आणा. आइसक्रीमचा नको, त्याचं झाकण रिक्षात उघडतं.